हनुवटीवरचा शेंदूर

आमच्या तमाशाच्या फडात बायकांची कामं पुरुषच करत. गवळण मी व्हायचो. विशी उलटली तशी माझी दाढी भराभर वाढायला लागली. सकाळी न्हाव्याने कितीही घोटून केली तरी दुपारपर्यंत हनुवटीवर निळसर झाक यायचीच. रात्री टेंभ्यांच्या पिवळ्या उजेडात ती कुणाला दिसत नसे. पण जत्रेत दुसऱ्या दिवशी भर उन्हात हजेरीचा खेळ असे, आणि ऊन काही झाकत नाही. पुढे बसलेले टवाळ ओरडत, “गवळणबाई, गावात न्हावी न्हाई का?”

फडाचा सरदार मोजकं बोलणारा. तो एवढंच म्हणाला, “आता तू मावशी हो.” मावशी म्हणजे गवळणींबरोबरची थोराड, हसवणारी बाई. तिला नाच नसतो. मला नाचाखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि करावंसंही वाटत नव्हतं. मी वारूळवाडीच्या जत्रेपर्यंत मुदत मागितली.

जो तो सांगे, सफेदा जाड थाप. असली अक्कल फुकट मिळते. निळ्यावर पांढरं थापलं की तोंडाला राख फासल्यासारखं दिसतं. मी सफेद्याखाली हळद लावून पाहिली, तर हनुवटी हिरवट झाली. कुंकू लावलं, तर जांभळी, कुणी ठोसा मारल्यासारखी. म्हणजे या दोहोंच्या मधला रंग हवा. तो शेंदराचा. तेलात कालवून पातळ हात दिला, वर सफेदा लावला आणि आरशात पाहिलं. निळं गेलं होतं. मी एकटाच मोठ्याने हसलो.

सरदाराने शेंदराची डबी पाहिली आणि भडकला.

“शेंदूर देवाचा. त्यो तोंडाला फासून नाचनार व्हय?”

“वर सफेदा हाय की. कुनाला दिसतुया?”



वारूळवाडीच्या हजेरीला पहिली गवळण गाऊन झाली, दुसरी झाली, एकही टवाळ तोंड उघडेना. मी फुशारलो आणि गिरक्यांवर गिरक्या घेतल्या. चैत्रातलं ऊन होतं. घामाने सफेदा ओघळला आणि खालचा शेंदूर उघडा पडला, पण मला त्याचा पत्ताच नव्हता. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने पागोटं सारखं केलं आणि हात जोडले. त्यात थट्टा नव्हती. शेजारच्यानेही जोडले. मला वाटलं, माझ्या नाचालाच. मग शिट्ट्या थांबल्या, ढोलकी तेवढी वाजत राहिली. पदराने तोंड पुसलं तेव्हा पदर शेंदरी झाला.

सरदार रागावला नाही. म्हणाला, “लोकं हात जोडाय लागली, तर नाच कोन बघनार?”

मला फार वाईट वाटलं, कारण त्याचं खरं होतं. पुढच्या खेळाला मी मावशी झालो. शेंदूर लावला नाही, सफेदाही लावला नाही. निळी हनुवटी पुढे काढून रिंगणात शिरलो, तर लोक पोट धरधरून हसले. एवढ्या शिट्ट्या मला नाचताना कधीच मिळाल्या नव्हत्या.