वसंताकाकूंच्या दारातली हजेरी

तिरुवल्लिकेणीतल्या त्या बिल्डिंगीत बातमी पक्की झाली होती: दुसऱ्या मजल्यावरचा उपेंद्र तळमजल्यावरच्या वसंताकाकूंचा नातजावई होणार! रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की आधी अंघोळ, मग इस्त्रीचा शर्ट, आणि थेट काकूंच्या दारात. तरणा पोरगा आणखी कशाला जाईल? समोरच्या हेमलताबाईंनी तर लग्नातली साडीसुद्धा मनात निवडून ठेवली. घोळ एवढाच, की नात हरिणी वर्षभर कोइमतूरला होती.

खरी गोष्ट अशी, की उपेंद्र शिक्षा भोगत होता.

हा सांगलीचा, गाड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा. काकू तंजावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान राममूर्तीराव मराठी कीर्तनं करायचे, आणि जाण्याआधी ती सगळी आपल्या आवाजात घरच्या कॉम्प्युटरवर भरून गेले. कॉम्प्युटर अडखळायला लागला तशी काकूंनी उपेंद्राला हाक मारली. एका रविवारी त्याने डिस्कची तपासणी लावून दिली. ती दहा टक्क्यांवर जी अडकली, ती हलेचना. खाली मित्र हॉर्न वाजवत होते. जवळच समुद्रकाठी कोवलमला ताजे मासे खायला जायचं होतं. उपेंद्राने बटण दाबून धरलं, मशीन गप्प केलं आणि पळाला.

संध्याकाळी पाहतो तर कीर्तनांचं फोल्डरच गायब.

"डिस्क म्हातारी झालीय, काकू," तो म्हणाला.

"सरी, ठीक आहे. पण तपासलीस ना? मग रिपोर्ट कुठे रे? डॉक्टरसुद्धा स्कॅन केल्यावर देतो की."

त्यानंतर उपेंद्र मागच्या जिन्याने ये-जा करू लागला. शनिवारी काकूंनीच वर डबा पाठवला. बिचारा पोर आपल्यासाठी खपला म्हणून चटणीपूड लावलेल्या इडल्या! भरला डबा घेऊनच तो खाली आला आणि त्याने काकूंच्या कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्युअर उघडला. तपासणीचे निकाल विंडोज तिथे नोंदवून ठेवतं. काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मागल्या वर्षीचा निकाल होता. त्या रविवारचा नव्हता.

"तुझाच निकाल नाही?"

"अर्धवट राहिली तपासणी."

"करंट गेला?"

हो म्हणायला किती सोपं होतं!

"नाही, काकू. मीच बंद केली. मासे खायला जायचं होतं."

"अय्यो, उपेंद्रा," काकू हळूच म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस रे."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने तपासणी पुन्हा लावली, आणि ती संपेपर्यंत पाणी प्यायलाही उठला नाही. नंतर तिथेच निकाल सापडला: हरवलेल्या फाइली परत मिळाल्या होत्या. आवाज शाबूत, पण नावं गळून नुसते आकडे उरलेले. आता एकेक ऐकायची, ओळखायची आणि तिला नाव द्यायचं.

"रोज येऊन बस," काकूंनी फर्मावलं. "आणि अंघोळ करून ये. कीर्तन आहे तें."

तेव्हापासून तो बसतो. मधेच राममूर्तीराव खोकतात, काकू हसतात, आणि उपेंद्राची मान खाली जाते.

काल हेमलताबाईंनी त्याला जिन्यातच अडवलं. "काय जावईबापू, लाडू कधी?"

"जावई कसला, आरोपी आहे मी. सातला हजेरी असते. वाट सोडा."