मोटारसायकलची कवळी

कवळीकाकांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता. फटीचा. माणसं शेजाऱ्यांवर चिडतात, साहेबावर चिडतात, हवामानावर चिडतात. काका दाराखालच्या फटीवर चिडत. घरात अशी एक खिडकी नव्हती जिच्या चौकटीला त्यांनी रबराची पट्टी ठोकली नव्हती. कपाटाचं दार लागताना 'टक्क' असा आवाज आला नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. काकूंच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक बारीकशी फट आहे. ती बुजवायचा विषय काकांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात काढला होता आणि त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी घरात कोणी बोललं नव्हतं. तेव्हापासून ती एक फट सोडून काका बाकीच्या जगाच्या मागे लागले होते.

धंदाच तसा होता. गेली तीस वर्षं काका एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत होते. पुढे डॉक्टरांची काचेची केबिन, गार हवा आणि मासिकं. मागे काकांचं टेबल, वितळलेल्या मेणाचा वास, प्लास्टरची पांढरी धूळ, हिरडीच्या रंगाची गुलाबी ॲक्रिलिकची पूड आणि फळीवर ओळीने मांडलेले गावभरचे जबडे. काकांच्या कवळीत आणि टाळूत केस जाईल एवढीही जागा राहायची नाही. चिकटवायला काही लागायचं नाही. पण ज्यांचे दात त्यांनी घडवले ती माणसं रस्त्यात त्यांच्यासमोरून हसत निघून जात आणि ओळख देत नसत. देणार कशी? त्यांनी काकांना पाहिलंच नव्हतं. 'कवळी चांगली बसली की माणूस ती विसरतो, बनवणाऱ्यालाही विसरतो, यातच आपलं काम आलं,' असं काका म्हणायचे. म्हणायचे खरे, पण म्हणताना चष्मा जरा जास्तच वेळ पुसायचे.

मग एक्कावन्नाव्या वर्षी, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली त्याच महिन्यात, काकांनी जुनी स्पोर्ट मोटारसायकल घरी आणली. लालभडक, पुढे वाकलेली, हँडल गुडघ्याशी. काकूंनी गॅलरीतून खाली पाहिलं.

"कोणाची आहे हो?"

"आपली."

"आपली म्हणजे कोणाची?"

"माझी."

काकू आत गेल्या आणि शिलाई मशीन जोरात चालवायला लागल्या. त्या घरी पडदे शिवून देत. राग आला की त्यांचे पडदे वेळेआधी तयार होत. त्या महिन्यात सगळी गिऱ्हाइकं खूश होती.

काका सहा फूट उंच. गाडी बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र कोणीतरी बुटका, लवचीक आणि अविवाहित माणूस असावा. गाडीची पुढची काच म्हणजे जेमतेम ताटाएवढी. तिच्यावरून उसळलेला वारा थेट काकांच्या हेल्मेटवर येऊन आदळायचा. तीस वर्षं मान मोडून काम केलेली ती मान, तिने महिन्याभरात हात टेकले. काकांच्या गळ्यात पट्टा आला. पट्ट्यामुळे खाली बघता येईना, खाली बघता येईना म्हणून एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी तिरकी झाली. त्यांचं हसू उजवीकडून सुरू होऊन डावीकडे पोचायच्या आत संपायला लागलं. डॉक्टर पहिल्यांदाच मागच्या खोलीत आले, आणि बोलायला आले नव्हते, ओरडायला आले होते.

हाडांच्या डॉक्टरांनी मान डावी-उजवी करून पाहिली. काका दोन्हीकडे ओरडले. "एक तर वारा थांबवा, नाहीतर गाडी थांबवा," ते म्हणाले. असं वाक्य ऐकायला काकू सोबत होत्याच.

घरी आल्यावर काकूंनी निकाल दिला. "तुमच्या मानेवर हे घर उभं आहे. येत्या रविवारी संध्याकाळी एक गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. त्याच्या आधी वाऱ्याचं काय करायचं ते करा. धरणापर्यंत जायचं, परत यायचं, आणि या दारात उभं राहून मान दोन्ही खांद्यांपर्यंत वळवून दाखवायची. वळली तर गाडी राहील. नाही वळली तर गेली."

"मान्य," काका म्हणाले.

"आणि मी मागे बसणार. दुखलं तरी तुम्ही दुखत नाही म्हणाल. तीस वर्षं ओळखते मी."

काकांना ती गाडी जायला नको होती. का, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण आपण सांगू. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यात डोकं घालून बसणारा हा माणूस त्या गाडीवर बसला की समोर बघायचा. सिग्नलला लोक वळून त्याच्याकडे पाहायचे. चांगलं म्हणोत की म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणोत, पाहायचे तरी.

काकांनी चौकशी केली आणि काचेला जोडायची वाढीव काच मागवली. तीन दिवसांत खोकं आलं. आत वीतभर उंचीचा पारदर्शक तुकडा, त्याला दोन दांडे, दांड्यांना दोन चिमटे. चिमटे मूळ काचेच्या वरच्या कडेला धरायचे, स्क्रू आवळायचे, वरचा तुकडा पाहिजे तसा कलता करायचा. काकांनी पाच मिनिटांत बसवली. दोन पावलं मागे आले. आणि त्यांचं तोंड कडू झालं.

मूळ काच आणि नवी काच यांच्यात दोन बोटांची फट होती!

खोक्यात सूचनांचा कागद होता. त्यावर चित्रही होतं आणि त्या फटीकडे बाण दाखवून काहीतरी लिहिलंही होतं. काकांनी कागद उघडला, चित्र पाहिलं आणि तुच्छतेने घडी करून जॅकेटच्या खिशात टाकला. आळशी कारागिराला जमत नाही ते तो कागदावर छापून मोकळा होतो, असं त्यांचं मत पडलं.

शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी गाडी मागच्या दाराशी लावली. दातांचं माप घ्यायचा लगदा कालवून दोन्ही काचांच्या कडांचं माप घेतलं. प्लास्टर ओतलं. मेणाची पट्टी कोरली. पारदर्शक ॲक्रिलिक दवाखान्यात कशाला असेल? होतं ते गुलाबी. हिरड्यांचं. काका क्षणभर थबकले, पण काम महत्त्वाचं, रंगाचं काय! मेणाच्या जागी ते भरून पट्टी गरम पाण्यात शिजवली, घासली, चकचकीत केली आणि दोन काचांच्या मधे अंगठ्याने दाबली. टक्क. केस जाईना. कित्येक वर्षांत इतकं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

रविवारी दुपारी काकू खाली आल्या, मुलीची जुनी पँट आणि मुलीचंच हेल्मेट घालून. त्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडी त्यांच्याकडे पाहून हिरड्या दाखवून हसत होती.

"तुम्ही गाडीला कवळी बसवलीत?"

"पट्टी आहे ती. वारा आत यायचा नाही."

"खालचे दात कधी येणार?"

काकांनी गाडी सुरू केली. कलेची कदर नसणाऱ्यांशी काय बोलायचं.

मागची सीट म्हणजे वहीएवढी गादी, आणि तीही पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच. काकू तिच्यावर चढल्या तेव्हा माळ्यावरचं सामान काढायला चढल्यासारखं वाटलं. काकांनी ब्रेक लावला की त्यांचं हेल्मेट काकांच्या हेल्मेटवर ठक्कन आपटायचं. पहिल्या दहा मिनिटांत एवढं ठकठक झालं की शेवटी काका दर सिग्नलला आधीच म्हणायला लागले, "थांबतोय हं."

गावाबाहेरचा मोठा रस्ता लागला आणि काकांनी वेग वाढवला. वारा थांबायला हवा होता. थांबला नाही. उलट आता तो आधीसारखा समोरून येईना, चहूबाजूंनी येऊन हेल्मेट धरून गदागदा हलवायला लागला. डोळ्यांपुढे रस्त्याचे दोन रस्ते झाले. मानेतून कळ उठली. पूर्वी निदान एका दिशेने मार होता. काकांना कळून चुकलं की गाडी गेली.

पेट्रोल पंपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि हेल्मेट काढून कठड्यावर बसले. मान दोन्ही हातांनी धरली होती. लपवण्यात अर्थ नव्हता.

"वाढलं ना?" काकूंनी विचारलं.

"वाढलं."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण काकूंनी 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य गिळलं. असं वाक्य गिळायला किती जोर लागतो ते लग्न झालेल्यांना ठाऊक आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"प्रत्येक खोक्यात कागद असतो, आणि तो प्रत्येक वेळी तुमच्या खिशात असतो. आणा इकडे."

काकूंनी कागद वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मागची बाजूसुद्धा. मग त्या गाडीपाशी गेल्या आणि गुलाबी पट्टीवर नख आपटलं. "हे काढा. इथे फट ठेवा म्हणून लिहिलंय. बाण काढून, ठळक अक्षरांत."

"अगं, फट ठेवली तर वारा येणार नाही का आत?"

"येऊ द्या की थोडा. मी काय पडदे उगाच शिवते? खिडकी एकीकडूनच उघडी आणि बाकी सगळं गच्च बंद असलं की पडदा वेड्यासारखा फडफडतो. समोरचं दार चार बोटं किलकिलं करा, गप लोंबतो. वारा अडवला की भांडतो. वाट दिली की जातो आपल्या रस्त्याने."

काकांनी पट्टीकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी ओल्या आणि बंद तोंडांसाठी काम केलं होतं. तिथे वाऱ्याचा प्रश्नच येत नसे. आपण ताशी ऐंशीने धावणाऱ्या वस्तूला कवळीचा नियम लावला, हे त्यांना आता दिसलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पट्टी काढणं मात्र सोपं नव्हतं. काकांच्या हातचं काम ते. त्यांनी ओढून पाहिलं, काकूंनी ओढून पाहिलं. पंपावरचा माणूस आला, तोही ओढून गेला आणि जाताना विचारून गेला, "कुठे बनवून घेतली हो? माझ्या वडिलांची कवळी सारखी पडते." काकांनी मानदुखी विसरून त्याला पत्ता सांगितला. शेवटी काकूंनी पुढच्या चाकाला पाय लावला, दोघांनी मिळून हिसडा दिला आणि पट्टी 'टक्क' करून निघाली. काकू मागच्या मागे कठड्यावर बसल्या, पट्टी त्यांच्या मांडीवर. काकांनी ती उचलली, एकदा रुमालाने पुसली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग ते निघाले. साठ. सत्तर. ऐंशी. हेल्मेट हलेना. काकांनी मान किंचित वर केली, खाली केली, सगळीकडे निवांत. आतापर्यंत गाडीच्या गोंगाटात त्यांना फक्त वारा ऐकू आला होता. आता इंजिन ऐकू आलं, टायर ऐकू आले, आणि एका शेतातला कुत्रा भुंकला तोही ऐकू आला. काकांना एकदम भरून आलं. धरणाशी ते थांबलेच नाहीत. फक्त वळसा घालून परत फिरले, कारण थांबलं तर हे जाईल अशी त्यांना भीती वाटली. मागून काकू पाठीवर पुन्हा पुन्हा थापटत होत्या. काकांना वाटलं, कौतुक करतेय.

संध्याकाळी गिऱ्हाईक आधीच दाराशी उभं होतं. व्यायामशाळेतला मास्तर. खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. मान दुखायची भीती याला नव्हती, कारण मुळात ती फारशी नव्हतीच.

काका दारात उभे राहिले. मान डावीकडे वळवली. हनुवटी खांद्याला लागली. उजवीकडे वळवली. लागली. कळ नव्हती. त्यांनी काकूंकडे पाहिलं. शाळकरी मुलगा निकालाच्या दिवशी बघतो तसं.

"काय मग काकू," मास्तर म्हणाला, "देताय ना गाडी?"

काकूंनी नकारार्थी मान हलवायला घेतली आणि "आई गं!" म्हणून किंचाळल्या. मान जागची हलेना. मग त्यांनी कमरेपासून सगळं अंगच डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. इतका ठाम नकार मास्तरने आयुष्यात पाहिला नसेल.

"यांची मान वळली. गाडी राहील. बोलले ते बोलले."

मास्तर गेल्यावर काका घाईघाईने काकूंपाशी आले. "तुला काय झालं?"

"काय होणार! तुमच्या डोक्यावरून उडालेला सगळा वारा जातो कुठे? दीड तास माझ्या थोबाडावर येत होता. थापटत होते, थांबा थांबा म्हणून, पण तुम्ही आपले निघालात स्वर्गाला!"

काकांचा चेहरा पडला. आत्ताच्या आत्ता मास्तरला हाक मारून परत बोलवावं, असं त्यांच्या मनात आलं. ते दाराकडे वळलेसुद्धा.

"उभे राहा," काकू म्हणाल्या. "पुढच्या सीटवर कसं वाटत होतं ते सांगा. खरं सांगा."

काकांना वाटलं, थोडं कमी करून सांगावं. पण त्यांनी खरंच सांगितलं. "शांत होतं. इतकं शांत मी कधी बसलेलो नाही. घरातसुद्धा नाही, आणि मागच्या खोलीतसुद्धा नाही."

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मान ताठ, कारण दुसरा इलाज नव्हता. मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली द्या. पुढच्या रविवारी मी पुढे बसणार. शिकवा मला."

"अगं, पण मग मागे..."

"मागे तुम्ही. मानेचा पट्टा आहेच तुमच्याकडे."

काकांनी किल्ली दिली. काकूंना हात धरून गाडीवर बसवलं, पुढच्या सीटवर. त्यांचे पाय जेमतेम टेकले. काका समोर जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी काच पाहिली, काकूंची हनुवटी पाहिली, आणि वाढीव काच हिच्यासाठी तीन बोटं खाली यायला हवी हे त्यांच्या लक्षात आलं. तीस वर्षं ज्यांना कधी भेटायचं नाही अशा माणसांची मापं घेणारा हा माणूस, "हलू नकोस हं" एवढंच म्हणाला आणि मोजपट्टी आणायला एका चपलेनिशी घरात पळाला.

"हलतेय कशाला," काकू मागून ओरडल्या. "मान हलत असती तर!"