मदतीचं बटण

आमचा फोरम ज्या सर्व्हरवर चालायचा तो बंगळुरूच्या एका संस्थेत ठेवलेला होता. संस्थेनं तो आम्हाला फुकट वापरायला दिला होता, आणि इतकी वर्षं दिला होता की तो आपला नाही हे आम्ही विसरूनच गेलो होतो. एका फेब्रुवारीत तिथल्या नव्या व्यवस्थापकांची मेल आली. यंत्र जुनं झालंय, त्यातली प्रणाली त्याहून जुनी, तिला सुरक्षेचे अपडेट मिळायचे केव्हाच थांबलेत, तेव्हा मार्चअखेर आपलं सामान हलवावं. भाषा सभ्य होती. मेल आमच्या सगळ्या ॲडमिनना एकत्रच लिहिली होती, पण बाकीच्यांचे पत्ते कधीचे बंद पडलेले. ती पोचली एकट्या मला.

सामान म्हणजे काय, तर मराठी टायपिंगचा एक कीबोर्ड. कुणीही फुकट घ्यावा, कोड उघडून बघावा, हवा तसा बदलावा, असा आम्ही मिळून केलेला. त्याच्याबरोबर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा रूपात, आणणारा एक छोटा प्रोग्रॅम होता आणि लोकांनी प्रश्न विचारायचा फोरम होता. मी पुण्यात कॉलेजला असताना यात शिरले. तेव्हा दर रविवारी कुणाच्या तरी खोलीवर आम्ही जमायचो आणि जोडाक्षरांवरून तावातावानं भांडायचो. मराठी कॉम्प्युटरवर आपणच आणणार आहोत असं खरंच वाटायचं. मग एकेक जण नोकरीला लागला, परदेशी गेला, संसारात पडला. मी लग्न होऊन शिरूरला आले आणि सणसवाडीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात चिकटले. दिवसभर तिथले बंद पडलेले प्रिंटर बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी फोरमची झाडलोट करायची, असं चाललं होतं.

झाडलोट म्हणजे अक्षरशः झाडलोटच. तिकडे आता सट्ट्याच्या आणि वजन कमी करायच्या जाहिराती येऊन पडायच्या. मी त्या काढायचे, पुढच्या रविवारपर्यंत परत तेवढ्याच.

मेल आल्यावर मी जुन्या लोकांचे फोन नंबर शोधले आणि एका रविवारी ऑनलाइन बैठक ठेवली. चौघं आले. एकाचा कॅमेरा बंद होता, एकीच्या मांडीवर बाळ होतं. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांना आठवणी होत्या, दहा मिनिटं त्यातच गेली. मग मी विचारलं की नवा सर्व्हर घ्यायचा तर बघणार कोण, तेव्हा कुणी पुढं झालं नाही. आता विंडोजमध्ये मराठी असतं, मोबाईलमध्ये असतं, बोललं तरी आपोआप टाइप होतं, असं एक जण म्हणाला, आणि ते खरंच होतं. "आता तो फोरम वापरतं तरी कोण?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "दौंडचे मामा वापरतात."

बाळवाली हसली. तिला मामा आठवले. मग ठरलं, बंद करायचं.

दौंडचे मामा म्हणजे दौंडला छपाईचं दुकान चालवणारे एक गृहस्थ. लग्नपत्रिका, बिलबुकं, उरुसाची पत्रकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यांचं मुसलमान घराणं दौंडात चार पिढ्यांपासूनचं. वडील रेल्वेत होते, मामांनी छपाई धरली. फोरमवर ते पहिल्यांदा आले ते अडचण घेऊन. त्यांनी पाठवलेल्या पत्रिका पुण्याच्या प्रेसमध्ये उघडल्या की सगळी अक्षरं फुटायची. आमच्यातल्या कुणीतरी त्यांना मार्ग दाखवला. त्यानंतर ते गेलेच नाहीत. दुकान उघडलं, अगरबत्ती लावली, की गिऱ्हाईक यायच्या आधी फोरम उघडायचा आणि कुणाचा प्रश्न पडलाय का बघायचं. त्यांची उत्तरं लांबलचक असायची. सुरुवात "सलाम, नमस्कार" अशी, आणि शेवटी हमखास "कोणत्या गावचे तुम्ही?" परभणीचे शिक्षक, सांगलीची एक नर्स, कुठल्या कुठल्या माणसांना त्यांनी हातानं धरून टायपिंग शिकवलं. मला ते ताई म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण ते कधी "तुम्ही"वरून "तू"वर आले नाहीत.

हे फोनवर सांगायचं मला जमेना. शनिवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं गाडी काढली आणि दौंडला गेले. मामा लॅमिनेशन करत होते. त्यांनी हातातलं काम पुरं केलं, चहा सांगितला, मग समोर बसले. मी सगळं सांगितलं.

"सरवर म्हंजी मोठं मशीन लागतं का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मोठं असं नाही, मामा."

"मग हितं ठिवा की. मागं जागा हाय. लाइट गेली तर इन्व्हर्टर हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं. लाइटचा प्रश्न नाही, जागेचाही नाही. तो प्रोग्रॅमच इतका जुना झालाय की कुणीही आत शिरू शकतं, तो दुरुस्त करणारी माणसं आता जगात कुठंच उरली नाहीत, आणि नवा बसवला तर तो सांभाळायला रोज कुणीतरी पाहिजे. त्यांनी मान हलवली. दुकानाच्या मागच्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं. मला वाटतं त्यांनी ती जागा मनात मोकळीसुद्धा केली होती.

एक गोष्ट मी बोलणार नव्हते, पण विषय निघाला. गेली दोनेक वर्षं फोरमवर मामांशिवाय खरं माणूस असं फारसं नव्हतंच. जाहिरातवाली यंत्रं आधी एखादा गुळगुळीत प्रश्न टाकतात, "आपली माहिती खूप सुंदर, अधिक सांगाल काय" असा, आणि खाली लिंक चिकटवतात. मामा त्यांनाही उत्तर द्यायचे. सलाम, नमस्कार, कोणत्या गावचे तुम्ही. रविवारी झाडताना जाहिरात काढली की तिच्याखालचं मामांचं उत्तरही जायचं.

"ती माणसं न्हाईत, ठाव हाय मला," मामा म्हणाले. "लई दिवस झालं कळून. पण त्यात एखादा खरा असला आन् आपन बोललोच न्हाई, तर?"

चहा आला, तो आम्ही प्यालो.

बंद करायचं काम तसं किचकट नव्हतं. आधी नवीन नोंदणी थांबवली. मग लिहिणं थांबवलं, म्हणजे फोरम नुसता वाचता येईल असा केला. मग एकेका पानाची निर्जीव प्रत काढली. तिच्यात शोधता येत नाही, उत्तर देता येत नाही, नुसतं बघता येतं. ती इंटरनेटवरच्या एका फुकटच्या जागेवर नेऊन ठेवली. लिहिणं थांबवलं त्या दिवशी सकाळी मी कारखान्यात असताना मामांचा फोन आला. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तारीखही सांगितली होती. तरी म्हणाले, "ताई, लिहायची जागा दिसंना." मी म्हटलं, "हो मामा, आजपासून नाही." "व्हय, व्हय," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. मार्चअखेर बंगळुरूच्या लोकांनी यंत्र बंद केलं. मला एका ओळीची मेल आली, आभाराची.

इथवर सगळं सरळ झालं होतं. अवघड निघाला तो वेबसाइटचा पत्ता. तो आमच्यातल्या ज्यानं हे सगळं सुरू केलं त्याच्या स्वतःच्या नावावर होता. दर वर्षी तोच त्याची मुदत वाढवायचा. तो परदेशात होता आणि कशालाच उत्तर देत नव्हता. शेवटी मी पुण्यात त्याच्या बहिणीला गाठलं. ती शांतपणे म्हणाली की तो बरा नाही, बऱ्याच दिवसांपासून नाही, आणि असलं काही त्याला विचारावं अशी त्याची परिस्थिती नाही. काळजी घ्या म्हटलं. पावसाळ्यात पत्त्याची मुदत संपली आणि कुणीतरी तो लगेच विकत घेतला. तिथं आता सट्ट्याचं ॲप होतं, आणि ते खपवायला अर्ध्या कपड्यांतल्या बायका.

आमच्या कीबोर्डच्या खिडकीत वर उजवीकडे मदतीचं एक बटण होतं. ते दाबलं की आमचा फोरम उघडायचा. जिथं जिथं तो कीबोर्ड बसवलेला होता तिथं ते बटण अजून होतं.

मी बटण काढून नवी आवृत्ती करायचा प्रयत्न केला. कोड माझ्याकडे होता, पण तो ज्या साधनांवर तयार व्हायचा ती आता मिळत नव्हती, आणि जिथं मिळाली तिथं चालली नाहीत. चारही जणांना विचारलं. एकानं एक आख्खा शनिवार माझ्याबरोबर घालवला आणि शेवटी "सॉरी गं" म्हणाला. समजा झालीही असती आवृत्ती, तरी ती लोकांपर्यंत पोचवणार कुठून? लोक जिथं येत होते ती जागाच गेली होती.

दौंडजवळच्या एका शाळेत बाई वर्गातल्या मोठ्या पडद्यावर मुलांना मराठी टायपिंग दाखवत होत्या. त्यांनी मदतीचं बटण दाबलं. पुढे जे आलं ते सातवीच्या सगळ्या वर्गानं बघितलं. कीबोर्ड मामांनी बसवून दिलेला, म्हणून बाई दुकानावर आल्या. त्या आरडाओरडा करून गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा मला नंतर म्हणाले. त्या एवढंच म्हणाल्या की तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं.

मग मामांनी ठरवलं की आपण जिथं जिथं तो बसवलाय तिथून काढायचा. मी म्हटलं, मी पण येते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही फिरलो. शाळा, वाचनालय, दूध डेअरी, दोन झेरॉक्सची दुकानं, एक वकील. काही ठिकाणी तो आधीच कुणी काढून टाकला होता, काही ठिकाणी संगणकच भंगारात गेला होता. जिथं होता तिथं मी खुर्चीवर बसून काढायचे आणि मामा शेजारी उभे राहून त्या माणसाला विंडोजचा कीबोर्ड कसा चालू करायचा ते सांगायचे. डेअरीतल्या कारकुनाची बोटं आमच्या कीबोर्डला सरावलेली होती, नुसती पळायची. नव्यावर त्यानं एक ओळ करायला घेतली आणि अडला. "मामा, ह्यात ळ कुठं गेला?" मामांनी वाकून शोधला. त्यांनाही लवकर सापडला नाही.

सगळ्यात शेवटी राहू गावाला गेलो. ते माझं माहेर. तिथल्या शेतकरी सोसायटीच्या ऑफिसात मीच तो बसवला होता, कॉलेजात असताना, मोठ्या दिमाखात. चेअरमन माझे चुलते. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी मामांना खुर्ची दिली, दौंडकडच्या उसाचं विचारलं, पाण्याचं विचारलं, मग माझ्याकडे वळले.

"हे तुमीच केल्यालं व्हतं ना? मग तुमीच काढताय का?"

मी सांगायला सुरुवात केली, सर्व्हर, पत्ता, मुदत. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी सांभाळायला कोन न्हाई, असंच ना."

"असंच," मामा म्हणाले.

परत येताना मला गाडीत एक सुचलं. मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, मी त्यात आहे, लोक तिथं टायपिंगचे प्रश्न विचारतात, तुम्हाला घेते. घेतलंही. त्यांनी पहिल्याच दिवशी कुणाला तरी भलंमोठं उत्तर लिहिलं, खाली गाव विचारलं. त्या माणसानं अंगठा टाकला. नंतर तिथं सुप्रभात, फुलं आणि निवडणुकीचे व्हिडिओ यांची रास पडली, आणि त्यात मामांचं उत्तर दिसेनासं झालं. काही आठवड्यांनी मामा ग्रुपमधून बाहेर पडल्याचं दिसलं. मी कारण विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न निघालं, म्हणून मी पत्रिकेचा मजकूर कागदावर लिहून दुकानावर गेले. आधीचं गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याचीही पत्रिकाच होती. मजकूर त्यानं मोबाईलवर बोलून टाइप केलेला, तोच मामांना पाठवलेला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत "वर्हाडी मंडळी" असं उमटलं होतं. र असा टोपीसारखा वर गेलेला. मामांनी त्याला दाखवलं, वऱ्हाडी असं पाहिजे. त्यानं बघितलं. त्याला काही फरक कळला नाही. "मोबाईलवर असंच येतंय मामा. राहू द्या," तो म्हणाला.

मामांनी तशीच छापायला टाकली. तो गेल्यावर मी म्हटलं, मामा, दोन सेकंदांचं काम होतं.

"करून दिलं असतं," ते म्हणाले. "पण त्याला ते चुकीचं वाटंना. मग कुणासाठी करायचं?" आणि त्यांनी माझ्या पत्रिकेचा कागद घ्यायला हात पुढे केला.