मामांचं औषध

"बंद करा, भैया, बंद करा तो पंप!" मी ओरडतेय, माझी लेक परी कडेवर रडतेय, आणि समोर फुलांवरच्या मधमाश्या ओल्या होऊन खाली पडतायत, उडता येत नाही म्हणून जमिनीवर गोल गोल सरपटतायत. माळी पाठीवरचा पंप न उतरवताच म्हणतो, "भाभी, आपनेच तो बोला, दवा मारो." खरंच होतं ते. मीच बोलले होते. आता हे मामांना कसं सांगायचं, एवढंच डोक्यात. कारण आमचे मामा म्हणजे अख्ख्या पालेगावात, पालेगावात कशाला, अख्ख्या जगात एकच माणूस असेल, जो गवत कापायला मधमाश्यांची परवानगी घेतो.

मामा म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा. अंबरनाथला कारखान्यात सुपरवायझर होते. रिटायर झाले, मग मामी गेल्या, मग घरामागे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पाच पेट्या मांडून बसले. उल्हासनगरची आमची बिल्डिंग धोकादायक म्हणून खाली करायला लावली तेव्हा सगळे नातेवाईक बिझी झाले, मामा तेवढे म्हणाले, "खोली रिकामीच आहे, या." मग म्हणाले, एक अट आहे. मला वाटलं, भाडं सांगणार. तर म्हणतात, "सूनबाई, गजरा माळून मागच्या दारी जायचं नाही. वासाने त्या चिडतात." बस, एवढीच अट.

आणि गवताचं तर विचारूच नका. पेट्यांखाली गवत वाढू नये म्हणून त्यांनी कुठल्या तरी नेत्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स आणून पालथा अंथरलेला, वर खडी. पण एक कोपरा वळलाय, तिथून दोन जोडलेले हात बाहेर दिसतात, तिसऱ्या पेटीला नमस्कार करतायत असे. परी रोज उलटा नमस्कार करायची. पेटीच्या दारासमोरचं गवत मामा कैचीने कापणार, न्हाव्यासारखं, मान वाकडी करून, पांढरी बनियन घालून, कारण काळ्या कपड्याला माश्या अस्वल समजतात म्हणे. मशीन लावायची नाही, हादऱ्याने त्या भडकतात. आणि हे सगळं संध्याकाळी सहानंतरच. का, तर "त्यांची शिफ्ट सुटू दे." एकदा मी जरा मदत करावी म्हणून ती पिवळट फुलांची एकदांडी उपटायला गेले, तर धावत आले. "अगं, डबा आहे तो त्यांचा! आमच्या कारखान्यात कुणी कुणाच्या डब्याला हात नाही लावला कधी." मी म्हटलं, मामा, पण रान माजलंय. म्हणाले, "खालचं काढायचं, समोरचं कापायचं, लांबचं राहू द्यायचं." हे ते पाढ्यासारखं म्हणायचे. मग किटली घेऊन पेट्यांपाशी जायचे. मला वाटायचं, माश्यांसोबत बसून चहा पितात. ह्यांना पण मी तसंच सांगितलेलं, आम्ही दोघं हसायचो.

त्या दिवशी मामा वांगणीला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले. सकाळी फोन आला, मागे बँड वाजतोय, म्हणाले, "सूनबाई, पेट्यांजवळच्या फरशीच्या फटीतून गवत वर आलंय. सहानंतर थोडं औषध घाल त्याला." मी हो म्हटलं. आता माझ्या माहेरी औषध म्हणजे फवारायचं औषध, भातावर मारतात ते, दुसरं काही नाही. घरात तर तसली बाटली दिसेना. विचारायला फोन केला, लागेना. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. आणि तेवढ्यात परी मागच्या दाराने आत आली, हातात काहीतरी लांब, पांढरं. "आई, रिबिन!"

सापाची कात होती.

मला पुढचं नीट आठवत नाही. तिचे हात साबणाने किती वेळा धुतले देव जाणे. दार लावलं, परत उघडलं, गवताकडे बघितलं, तर सगळं गवत हलतंय असं वाटायला लागलं. ह्यांचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो. भिंतीपलीकडे नव्या टॉवरचा माळी फवारत होता. मी हाक मारून त्याला इकडे बोलावलं, सगळं रान दाखवलं. म्हटलं, मामांनीच सांगितलंय, दवा मारो. उन्हाचे अकरा वाजले होते. शिफ्ट भरात होती.

मामा पाचला आले. मी दारातच रडत सगळं सांगितलं, एका दमात. त्यांनी पहिलं विचारलं, "परीला काही चावलं नाही ना?" मग साखरपुड्याचा शर्ट काढला, विळा घेतला, आणि औषध पडलेली सगळी एकदांडी स्वतःच्या हाताने कापून गोणीत भरली, राहिलेल्या माश्या तरी त्यावर बसू नयेत म्हणून.  कात बघून फक्त एवढंच म्हणाले, "धामण आहे ही. उंदरांसाठी येते. मला माहितीये." मग किटली उचलून दाखवली. "औषध हे होतं गं. उकळतं पाणी. फटीत ओतलं की गवत मरतं, माशीला काही होत नाही."

चार दिवसांत दोन पेट्या गप्प झाल्या. मामा रोज कान लावून बघायचे, टकटक करायचे, जसं आत कुणी झोपलंय. मी म्हटलं, मामा, आम्ही दुसरीकडे खोली बघतो. तर चिडले, पहिल्यांदाच. "चूक माझी आहे. तीस वर्षं कारखान्यात लोकांना लेबल लावायला शिकवलं, आणि घरात पाण्याला औषध म्हणत बसलो." दुसऱ्या दिवशी किटलीवर पट्टी चिकटवलेली, मोठ्या अक्षरात: हे पाणी आहे.

 अजून संध्याकाळी सहा वाजले की मामा कैची घेऊन बसतात, पाचही पेट्यांसमोर. त्या दोन रिकाम्यांसमोरचं गवत पण तसंच बारीक कापतात, मान वाकडी करून. मी परीला घेऊन दारात उभी राहते. गजरा तर मी तेव्हापासून घरात सुद्धा घातला नाही. आणि रोज तेच डोक्यात येतं, म्हणून तुम्हाला विचारते, खरं सांगा. पोरीच्या हातात सापाची कात, कुणाचा फोन लागत नाही, आणि ज्यांनी डोक्यावर छप्पर दिलं ते स्वतः म्हणालेत, औषध घाल. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असता?