सहीची रिकामी ओळ

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे प्रूफबाई म्हणतात, तोंडावर नुसतं बाई. बावीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं वाचली. छापखान्याला कुलूप लागल्यावर त्या आमच्या सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक लिहायला आल्या आणि येताना तिथला एक नियम घेऊन आल्या: शेवटच्या प्रुफावर वाचणाऱ्याची सही नसेल तर मशीन सुरू होत नाही. साहेबांना गंमत वाटली. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी आम्ही ज्या यादीवर सह्या करतो, तिच्यात त्यांनी शेवटची ओळ घातली, 'वाचलं, समजलं'. ती बाईंची. सहा वर्षं ती कधी रिकामी राहिली नाही.

काम करणाऱ्याने नोंद केली की आमचं सॉफ्टवेअर फाइलीचं त्या वेळचं रूप जपून ठेवतं. कोणी कधी काय बदललं ते सांगतं, बिघडलं तर मागे नेतं. त्यात 'रीसेट' नावाचं एक बटण होतं. ते माझंच काम. प्रसंग पाहून ते तीनपैकी एक गोष्ट करायचं: फाइलींवरची निवडीची खूण काढायचं, मागच्या नोंदीवर न्यायचं, नाहीतर नोंद न केलेलं सगळं पुसून टाकायचं.

एका ग्राहकाकडे यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या मुलीने निवड काढायला म्हणून ते दाबलं. नऊ दिवसांचं काम गेलं. मालकाने तिला निष्काळजीपणाचं पत्र दिलं. असं आणखी एक आलं की नोकरी जाणार. तिचा फोन बाईंनीच घेतला.

"रडत नव्हती," बाई आम्हाला म्हणाल्या. "मी मूर्ख आहे का, एवढंच विचारत होती. म्हटलं, बाळ, तू नाहीस."

शुक्रवारी नवी आवृत्ती जायची होती. यादीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीसुद्धा. शेवटची ओळ तशीच. साहेब कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, पेन संपलं का?"

"पेन आहे. समजलं नाहीये. 'रीसेट' म्हणजे काय?"

"सहा वर्षं तुम्हीच तर पुस्तकात लिहिताय."

"सहा वर्षं न समजता लिहिलं. आता पुरे."

"अहो, सगळीकडे हेच नाव चालतं. पुस्तकात एक ठळक सूचना घाला, विषय संपला."

"पुस्तक कपाटात असतं साहेब, बटण बोटाखाली असतं."

साहेबांनी आवाज खाली आणला. "आज नाव बदललं तर चूक आपली होती असं होईल."

"होतीच."

"तिने नऊ दिवस नोंद केली नाही, ती कोणाची चूक?"

"तिची. त्याची बोलणी ती खाईल. पण आपलं खापर तिच्या डोक्यावर का?"

"मग मी यादीतली तुमची ओळच काढतो."

"काढा की. मी घरी यांना सांगूनच आलेय, टेबल आवरावं लागलं तर पिशवी मोठी हवी." त्यांनी खरोखरच टेबलाखालून पिशवी काढून वर ठेवली. त्यांचे मिस्टर शिंपी आहेत. पिशवी नवी होती आणि तिला दुहेरी शिवण होती. "पण त्याआधी हे बटण काय करतं ते एका वाक्यात लिहून द्या. समजलं तर सही करते."

साहेब उभ्याउभ्याच लिहू लागले. एक 'किंवा' आला, मग दुसरा. त्यांनी ओळ खोडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा खोडली आणि माझ्याकडे पाहिलं. बटण माझं, पण मलाही वाक्य सुचेना.

"तीन कामं आहेत, तीन बटणं करू," मी म्हणालो. "सोमवारपर्यंत होईल."

"तू कोणाकडून पगार घेतोस रे?" साहेबांनी विचारलं. पण कागद त्यांनी परत नेला.

सोमवारी पडद्यावर तीन बटणं होती: 'निवड काढा', 'मागच्या नोंदीवर जा', 'नोंद न केलेले बदल पुसा'. बाईंनी तिन्ही दाबून पाहिली आणि तिसऱ्यात 'कायमचे' घालायला लावलं. तेही मी घातलं. तरी सही होईना.

"आता काय राहिलं?" साहेब म्हणाले.

बाईंनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. त्या मुलीच्या मालकाला लिहिलेलं पत्र. 'बटणाचं नाव ठेवण्यात चूक आमची होती. ते आम्ही बदललं आहे.' खाली साहेबांच्या नावापुढची ओळ रिकामी.

"वाचा," बाई म्हणाल्या. "समजलं तर सही करा."

साहेबांनी दोनदा वाचलं. पिशवी टेबलावरच होती. त्यांनी सही केली, आणि मग बाईंनी आपल्या पेनाचं टोपण काढलं.