नाडीवरचा हात

"खोल के दिखा ना," छोटे शेठ म्हणाले. "हम भी देखें विलायती माल."

जिनिंगच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस खरेदीचा मुहूर्त होता. पांढुर्ण्याच्या आसपासच्या गावांतल्या बंड्या फाटकापासून वजनकाट्यापर्यंत ओळीने उभ्या. पहिल्या बंडीच्या बैलांच्या गळ्यात हार, शिंगांना गुलाल. शेतकरी, हमाल, कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया, मुनीमजी, सगळे तिथेच. आणि छोट्या शेठच्या हातात माझी चिठ्ठी. डॉक्टरने इंग्रजीत लिहिलेली. ती त्यांनी आधी मनात वाचली. हसले. मग सगळ्यांना समजावी म्हणून मोठ्याने हिंदीत सांगितली. या माणसाच्या लिंगात सळ्या बसवल्या आहेत. एक तुटली म्हणून दोन्ही काढून नव्या घातल्या. दोन महिने याला वजन उचलायला देऊ नये.

ती चिठ्ठी मीच खिशात घालून नेली होती. मी चौथी पास. हलकं काम मिळावं म्हणून चिठ्ठी द्या, एवढंच डॉक्टरला म्हणालो होतो. आत त्याने काय लिहिलं ते मला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावं तर त्याला कळलं असतं. म्हणून घडी न मोडता मी ती तशीच नेऊन दिली. मुहूर्ताचा दिवस आहे, मालक खुशीत असतील, हा माझा हिशेब.

"सरकारनं यायले हेबी फुकट देल्लं काय?" बंडीवरून एक जण बोलला. यायले म्हणजे आमच्या जातीला, ते आवारात सगळ्यांना ठाऊक होतं. हशा पिकला. माझ्या ताटातली चटणी उचलून खाणारे हमालही हसले. बाया दुसरीकडे पाहायला लागल्या. ते जास्त लागलं.

आणि माझा हात नाडीवर गेला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लोकांना वाटतं मी तिथल्या तिथे ताडकन उत्तर दिलं. तसं नव्हतं. मी पायजमा सोडायला निघालो होतो. मालक बोलला की हात चालायला लागतो. माझ्या बापाचा चालायचा, त्याच्या बापाचा चालायचा. त्या हातासारखी मला कशाचीच लाज वाटली नाही. सळ्यांचीही नाही.

सळ्या त्याच आवाराने दिल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मी प्रेसघरात होतो. रुईची दाबलेली गाठ घसरली आणि माझ्या कंबरेवर बसली. दोघा माणसांना हलवत नाही अशी गाठ. मुनीमजी धावत आले. आधी त्यांनी गाठीच्या पट्ट्या तुटल्या का ते पाहिलं. मग मला पाहिलं. ओटीपोटाखालचं हाड मोडलं होतं, लघवीची वाट फाटली होती. नागपुरात हाड जुळलं, वाट शिवली. पुरुष म्हणून जे होतं ते परत आलं नाही. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. सुमनशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती.

नागपूरच्या डॉक्टरने मुंबईच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे परदेशातून शिकून आलेले एक डॉक्टर हे नवीन ऑपरेशन करत होते. त्यांना पेशंट पाहिजे होते. खाटेभोवती शिकणारी पोरं-पोरी उभी राहायची आणि डॉक्टर पेनाच्या टोकाने माझी चादर उचलायचे. माझं नाव एकानेही विचारलं नाही. मी छताकडे पाहत राहायचो.

दोन सळ्या. वरून सिलिकॉन, आत चांदीची तार. वाकवली की वाकते, सरळ केली की सरळ. पण ताठपणा चोवीस तास. डॉक्टर म्हणाले, खाली वळवून ठेवत जा, कपड्यात दिसणार नाही. मला मात्र वाटायचं की दिसतंच. मोठ्या शेठनी तोवर मला काट्यावर घेतलं होतं. वजनं ठेवायची, उतरवायची. समोर दिवसभर शेकडो माणसं. म्हणून मी लंगोट बांधायला लागलो. पहिलवानासारखा, कसून, एका बाजूला पार मुडपून. वरून गळ्यातला दुपट्टा समोर सोडलेला. सकाळी बांधला की झोपताना सुटायचा. हे चालतं का, असं डॉक्टरला विचारायला हवं होतं. विचारायची लाज वाटली.

दोन वर्षांनी काट्यावर वाकलो आणि आत काहीतरी तुटल्याचं कळलं. संध्याकाळपर्यंत सगळं वाकडं. हात लावला की टोचायचं. पुन्हा मुंबई.

सळ्या काढल्यावर डॉक्टरने तुटलेली तार मला दाखवली.

"बांधून ठेवत होतास का?"

"हो."

"रोज?"

"रोज."

त्यांनी कपाळाला हात लावला. रोज एकाच जागी मुडपून तार तुटली होती. म्हणाले, "आता ढिला पायजमा घालायचा. बांधायचं काही नाही. दिसलं तर दिसू दे." त्यांना काय जातं म्हणायला.

पांढुर्ण्यात मोहल्ल्यातले लोक विचारतील म्हणून मी सौंसरजवळ बोरगावला सासऱ्याच्या घरी पडलो. हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. जावयाने महिना-दीड महिना सासुरवाडीत लोळावं, याचीही वेगळी लाज. पहिले काही दिवस लघवीची नळी होती. पिशवी खाटेखाली लपवलेली. जागा सुजून वांग्यासारखी झाली होती, चादर नुसती घासली तरी जीव जायचा. आत पू झाला तर सगळं काढावं लागेल, परत बसवता येणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. त्या भीतीने मी दिवसातून दहा वेळा पट्टी उघडून पाहायचो. सासरा दारातूनच विचारायचा, "बरं हाय ना पाव्हणं?" आत यायचा नाही. म्हाताऱ्याला समजलं होतं, मला वाटतं. साधी माणसंही न बोलता किती बोलतात.

पट्टी सुमन बदलायची. दिवसा ती संत्र्याच्या बगीच्यात कामाला जायची. एक दिवस तिने पेटीतून माझे चारही लंगोट काढले.

"हे कायले ठेवले?"

"कामावर लागतीन."

"अजून बांधनार?"

 ती खाटेवर बसली. "लोकायनं हसावं तर हसावं. पन तुमी आपल्याच देहाले चोरासारखं बांधून ठेवलं. चोरी कोनाची केली तुमी?"

मला राग आला. तुला काय कळतं बाईमाणसाला, असं म्हणालो. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लंगोट घेऊन ती बगीच्यात गेली आणि त्यांच्या चिंध्या फाडल्या. फळाने वाकलेल्या फांद्यांना बांबूचा टेकू देतात, तो बांधायला चिंध्या लागतात. त्या चिंध्यांनी तिने चार झाडं बांधून टाकली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

तर मुहूर्ताच्या दिवशी काट्यासमोर माझा हात नाडीवर होता. गाठ बोटात आली. आणि लक्षात आलं की आत लंगोट नाही. नाडी ओढली की मधे काहीच नाही. थांबवायला कोणी नाही. थांबवायचं तर मलाच.  सुमन आठवली. चोरी कोनाची केली तुमी?

मी हात काढला.

"नाही दाखवत."

"क्या बोला?"

"दाखवत नाही मी. चिठ्ठी द्या माही वापस."

हसणं थांबलं. मुनीमजी पुढे आले. "येडा झाला काय बे? मुहूर्ताचा दिस हाय. मालकासमोर कसा बोलून राहिला."

"मुनीमजी, इथंच मोडलो मी. तुमी उभे होते. पहिले गाठ पाह्यली तुमी, मंग मले पाह्यलं."

मुनीमजींनी मान खाली घातली. छोट्या शेठनी चिठ्ठी माझ्या पायाशी टाकली. "कल से मत आना. काँटे को हाथ मत लगाना."

वाकायचं नव्हतं मला, पण वाकलो. टाक्यांवर हात धरून, हळूहळू, सगळ्यांदेखत. चिठ्ठी उचलली. "लिहून द्या," मी म्हणालो. "कायच्यासाठी काढून राहिले ते लिहून द्या. इंग्रजीत लिहा. मी वाचून घेईन."

"किससे पढ़वाएगा?"

"कोनाकडूनबी. विहारात सगळ्यायसमोर वाचून घेईन. तहसिलीत वाचून घेईन."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी वळलो. दुपट्टा सवयीने समोर लोंबत होता, तो काढून खांद्यावर टाकला. काट्यापासून फाटकापर्यंत बंड्यांच्या मधून पाय फाकून चालत गेलो. पायजमा ढिला होता. ज्याला जे दिसायचं ते दिसलं असेल. मागे कोणीतरी पुन्हा हसलं. माझे कान जळत होते. लाज वाटत होती, खूप वाटत होती, आजही वाटते. सुमनला वाटतं ती गेली. गेली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी मी काट्यापाशी जाऊन उभा राहिलो. मला कोणी काम दिलं नाही. मी हललो नाही. तिसऱ्या दिवशीही गेलो. काढायचं असेल तर लिहून देऊन काढा, एवढंच रोज म्हणत होतो.

लंगोट मी पुन्हा बांधला नाही. आणि दवाखान्याबाहेर कोणाच्याही सांगण्यावरून माझा हात नाडीवर जाणार नाही.