कोणाकडं न्यायचं हिला

"आधी वास घ्या, मग भाव विचारा," असं म्हणत आमची भाजीवाली कोथिंबिरीची जुडी थेट गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची. सर्दी झालेली असली तरी सुटका नसे.

मखमलाबादच्या मळ्यावरून रोज सकाळी ती स्कूटीवर यायची. मागे दोन क्रेट बांधलेले, पायाशी पालकाचं गाठोडं. गाडी कधी शिकलीस, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "चाळिशी उलटल्यावर. दोनदा पडले. मेथी चेंगरली, मला काय नाय झालं." तुमच्याही कॉलनीत अशी एखादी येत असेल. तिचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, पण ती दोन दिवस आली नाही तर घराचं अडतं.

मी शाळेत शिकवते, म्हणून तिच्या लेखी मी मॅडम. मॅडमना सगळं माहीत असतं, ही तिची पक्की समजूत. बँकेतून आलेला मेसेज असो की मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, ती मोबाइल माझ्यापुढे धरायची. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

रविवारी मुलगी सोबत असे. मागच्या सीटवर अवघडून बसलेली, आईची भाषा सुधारणारी. "आई, 'नाय' नाही, 'नाही' म्हण." त्यावर ही म्हणायची, "बरं, नाही म्हणते. पण लय नाय म्हणणार." दोघी हसायच्या. मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली आणि दिसेनाशी झाली.

विचारल्यावर तिने आधी परीक्षेचं कारण सांगितलं. मग एका सकाळी गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली की पोरगी खोलीतून बाहेर पडत नाही. खिडकीला चादर लावलीय. शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली की तिला त्यातून माणसं बोलताना ऐकू येतात. नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्र्यंबकला पूजाही घालून झाली होती.

मी म्हणाले, पूजा झाली ते ठीक, पण आता तिला यातल्या माणसाकडे न्यायला हवं.

"तेच विचारते, मॅडम. डोळा दुखला तर कोणाकडं, हाड मोडलं तर कोणाकडं, ते आम्हाला कळतं. हे दुखतंय तर कोणाकडं न्यायचं हिला?"

मी पर्स उघडून एक कार्ड दिलं. आमच्या शाळेत 'परीक्षेचा ताण' या विषयावर बोलायला आलेल्या एका समुपदेशक बाईंचं ते होतं. फार छान बोलल्या होत्या. त्या काय शिकल्या आहेत, कोणाला काय उपचार देऊ शकतात, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ हे मला एकाच कामाचे तीन शब्द वाटत होते.

पाच महिने ती मुलीला स्कूटीवर बसवून दर बुधवारी तिकडे नेत राहिली. पहिल्या महिन्यात खूश होती. बाई गोड बोलतात, चहा पाजतात, पोरगी तिथे अर्धा तास बसते तरी. त्यांनी वही दिली होती. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, श्वास मोजायचा. औषधांची सवय लागते, शक्यतो टाळूया, असंही त्या म्हणाल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांना जे येत होतं ते त्या मनापासून करत होत्या.

पावसाळा संपता संपता मुलीने आईच्या हातचं खाणं सोडलं. आई जेवणात काहीतरी घालते, असं तिला वाटू लागलं. तेव्हापासून ही प्रत्येक भाकरीचा तुकडा आधी तिच्यासमोर स्वतः खायची, भाजीचा घास खायची, मग ताट पुढे सरकवायची. "दोन जेवणं होतात माझी," ती मला म्हणाली आणि हसायला गेली. ते तिला जमलं नाही.

त्या दिवशी मी समुपदेशक बाईंना फोन केला आणि जे पहिल्याच दिवशी विचारायचं ते विचारलं. त्यांनी सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता. हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं नाही, असं आपल्यालाही वाटत होतं, म्हणाल्या. मग सांगितलं का नाही, असं विचारायचा मला काय अधिकार होता?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दोघींना एका रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मुलीशी बराच वेळ एकटीशी बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं. "मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे डॉक्टर. औषधं मी देते. पलीकडच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ आहेत. त्या चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. हिला दोन्ही लागेल, पण आधी औषध." आणि मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "इतके महिने कुठे होतात तुम्ही?"

मी खाली बघितलं. ती आता माझं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं, असं मला वाटलं.

"आम्हाला काय कळत होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "मॅडमनीच आणलं इथं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. टोमणा असता तर मला सोसला असता.

औषधांनी आवाज कमी झाले. मुलगी आईच्या हातचं जेवू लागली. पण ती जाड झाली, सुस्त झाली, आणि भाषा सुधारणारी ती मुलगी काही परत आली नाही. ते पाच महिने वाया गेले नसते तर वेगळं झालं असतं का, असं मी डॉक्टरांना नंतर एकटीने जाऊन विचारलं. लवकर आलेलं बरंच असतं, त्या म्हणाल्या, पण हिच्या बाबतीत काय झालं असतं ते कोणीच सांगू शकणार नाही.

मुलीला एकटं सोडता येईना, म्हणून आईचं कॉलनीत येणं बंद झालं. भाजी आता तिचा नवरा परस्पर मार्केटला घालतो.

थंडीत मी एकदा त्यांच्या मळ्यावर गेले. दोघी बांधावर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. तिने मला पाणी दिलं, शाळेची चौकशी केली. मग विचारलं, पुढच्या वर्षी पोरगी कॉलेजात जाईल ना? मी पाणी पीत राहिले. भांडं रिकामं झाल्यावरही थोडा वेळ तोंडाशी धरून ठेवलं.

तेवढ्यात मुलीचा डोळा लागला. अर्धी बांधलेली जुडी मांडीवर, तोंडावर ऊन. आई उठली आणि आपली सावली मुलीच्या चेहऱ्यावर पडेल अशी उभी राहिली. उभ्या उभ्याच जुड्या बांधू लागली. मी निघेपर्यंत ऊन जसं सरकत होतं, तशी तीही थोडी थोडी सरकत होती.